टॅप चुकतोय? आधी इअरफोन तपासा

आजचा विषय रिदम गेम. "आपल्याला तालच नाही" म्हणून गेम डिलीट करू नका, दोष ब्लूटूथचा असू शकतो.

हिशोब बघा. १२० बीपीएमच्या गाण्यात दोन ठोक्यांत ५०० मिलीसेकंद असतात. ब्लूटूथवर आवाज २०० मिलीसेकंद उशिरा आला, तर जवळपास अर्धा ठोका गेला! म्हणून वायरचा इअरफोन लावा आणि सेटिंगमध्ये कॅलिब्रेशन करा.

मग सराव. आमच्या जळकोटकडं भजनात टाळकरी टाळाकडं बघत नाही, पखवाज ऐकतो. भजनी ठेका आठ मात्रांचा, तो अंगात भिनलेला असतो. तुम्हीही गाणं आधी नुसतं ऐका, पायानं ठेका धरा. सोप्या लेव्हलला 'परफेक्ट' वाढले की मगच पुढची लेव्हल घ्या.