दगडवाटेची गाडी आणि घरची गाडी

गेल्या उन्हाळ्यांत आमच्या घरीं एका जुन्या गाडीवरून जो वाद माजला, तसा वाद इस्टेटीच्या वांटणीवरूनहि कधीं माजला नव्हता. ही गाडी म्हणजे मारुतीची २००१ सालची जिप्सी. माझ्या धाकट्या बंधूंनीं हौसेनें घेतलेली. आठवड्यांतले सहा दिवस ती पुण्याच्या पेठांतून फिरते. मुलांना शाळेंत पोंचविणें, आईला डॉक्टरांकडे नेणें, मंडईंतून भाजी आणणें, हीं तिचीं नित्यकर्में. सातव्या दिवशीं मात्र तिला भोर तालुक्यांतील आमच्या शेतावर जावें लागतें. आणि तेथील शेवटची तीन किलोमीटरांची वाट म्हणजे काळ्या पाषाणाच्या पायऱ्या, पावसानें उघडे पडलेले धोंडे आणि दोन ओढे. त्या वाटेवर गाडीचें पोट दोनदां दगडावर आपटलें, तेव्हां गाडींत कांहीं सुधारणा केल्या पाहिजेत, असें घरांत एकमतानें ठरलें. परंतु सुधारणा कशास म्हणावयाचें, हें मात्र कोणीच ठरविलें नाहीं. आणि पुढील सर्व अनर्थाचें मूळ तेथेंच होतें.

माझा पुतण्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकतो. त्याचें म्हणणें असें कीं, "काका, गाडी जितकी उंच आणि चाकें जितकीं मोठीं, तितकी वाट सोपी." मी स्वतः यंत्रशास्त्राचा निवृत्त अध्यापक, या विधानाची परीक्षा करणें माझें कर्तव्य होतें. पण उन्हाळ्याचा आळस म्हणा किंवा मुलाच्या उत्साहावर विरजण घालूं नये ही भावना म्हणा, मीं मान हलविली आणि मोकळा झालों. गाडी एका कारखान्यांत गेली. तीन आठवड्यांनीं परत आली तेव्हां ती पांच इंच उंच झाली होती, तिला ३१ इंच व्यासाचीं चाकें बसलीं होतीं, आणि तोंडापुढें एक भला मोठा लोखंडी कठडा झळकत होता. गल्लींतलीं मुलें टाळ्या पिटूं लागलीं.

आमच्या मातोश्रींचें वय ८१ वर्षांचें. त्या काठी टेकीत गाडीपाशीं आल्या, पाय उचलला, आणि तो आंत पोंचेना. दोघांनीं धरून चढवूं म्हटलें, तर त्या मागें सरल्या. "तुम्ही जा रे. मला आतां शेत काय करावयाचें आहे!" एवढेंच बोलून त्या आंत निघून गेल्या. वडिलांनीं स्वतःच्या हातांनीं लावलेलीं आंब्याचीं झाडें त्या शेतावर आहेत, हें सांगितलें म्हणजे त्या वाक्याचा अर्थ वाचकांच्या ध्यानीं येईल.

दुसरा प्रसंग याहून भयंकर होण्याच्या बेतांत होता. शेतावरून परततांना बंधूंच्या लक्षांत आलें कीं, खड्ड्यावर चाक उचललें कीं गाडी आपोआप एका बाजूस ओढते, आणि ताशीं साठ किलोमीटरांच्या पुढें सबंध गाडी थरथरूं लागते. घरीं येऊन आम्हीं खालीं वांकून पाहिलें. पुढच्या डाव्या चाकाच्या ब्रेकची रबरी नळी ताणून तारेसारखी ताठ झाली होती. आणि चक्र पूर्ण वळविलें म्हणजे नवें रुंद चाक तिला घांसत होतें. रबर झिजून आंतले धागे दिसत होते. याच गाडींतून त्या दिवशीं घरचीं तीन मुलें घाट उतरून आलीं होतीं. त्या रात्रीं घरांत कोणी कोणाशीं फारसें बोललें नाहीं.

पुतण्याचा चेहरा उतरला होता. पण दोष एकट्या त्याचा नव्हता. वडीलधाऱ्या माणसांनीं विचार करण्याचें काम टाळलें आणि मग तरुणांना बोल लावला, हा प्रकार आपल्या कुटुंबांतून नवा नाहीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं मीं त्याला हांक मारली, कागद-पेन्सिल पुढें ठेवली, आणि आम्ही दोघे चुलते-पुतणे पहिल्यापासून हिशेब करावयास बसलों. तोच हिशेब येथें मांडीत आहें. जुनी गाडी दोन्ही कामांना जुंपूं पाहणाऱ्या वाचकांस तो उपयोगीं पडेल.

मूळची रचना

ज्या वस्तूंत बदल करावयाचा, तिच्या कर्त्यानें ती तशी कां केली हें प्रथम समजून घ्यावें. जिप्सीचें कूळ जपानचें. सुझुकी कंपनीनें १९७० सालीं एक चिमुकली चारही चाकांना जोर देणारी गाडी काढली. तिच्या पुढल्या पिढीची आवृत्ति १९८५ मध्यें मारुतीनें भारतांत आणली. प्रारंभीं तिचें इंजिन ९७० घनसेंटिमीटरांचें होतें. १९९६ पासून १२९८ घनसेंटिमीटरांचें आलें. शिडीसारखी पोलादी चौकट, पुढें-मागें दोन अखंड अक्ष, आणि चारही चाकांवर पाटे, अशी तिची साधी बांधणी आहे. वजन सुमारें एक हजार किलो. दगडांवरून जाण्याची तिची खरी शक्ति उंचींत नसून या हलकेपणांत आणि गिअरच्या रचनेंत आहे.

गिअरपेटीच्या मागें हिला दुसरी एक लहान पेटी आहे. तिचा सावकाश गिअर आणि पहिला गिअर एकत्र टाकले म्हणजे इंजिनाचे सुमारें ३२ फेरे होतात तेव्हां चाकाचा एक फेरा होतो. इंजिन मिनिटाला ८०० फेरे अशा मंद गतीनें चालत असलें, तर मूळच्या २६ इंची चाकांवर गाडी ताशीं सुमारें तीन किलोमीटर चालते. म्हणजे माणसाच्या चालण्याहूनहि हळू. दगडावर हाच वेग हवा असतो. आतां ३१ इंची चाक बसविलें कीं एका फेऱ्यांत अंतर अधिक तोडलें जातें; तोच वेग पावणेचारांजवळ जातो, आणि चाकाच्या कडेला मिळणारा जोर सुमारें १५ टक्क्यांनीं घटतो. उतारावर इंजिनानें गाडी धरून ठेवण्याची शक्तिहि तितकीच कमी होते. वेगदर्शक कांटा पन्नास दाखवितो तेव्हां गाडी एकोणसाठनें धांवत असते. "म्हणजे चढण्यासाठीं घेतलेलीं चाकें चढण्याचीच शक्ति खातात!" पुतण्या आपण होऊन म्हणाला.

उंचीचा भ्रम

पांच इंचांची उंची कारखान्यानें कोठून काढली, तेंहि पाहूं. या गाडीचे पाटे मुळांत अक्षाच्या खालून बांधलेले असतात; ते वरून बांधले कीं चौकट एकदम वर जाते. पण अखंड अक्षाच्या गाडींत सर्वांत खालीं लोंबतो तो अक्षाच्या मध्यभागींचा फुगीर गोळा, ज्यांत डिफरन्शिअलचे दांते असतात. पाटे कितीहि उंच केले तरी तो गोळा एक रेषभरहि वर जात नाहीं. तो वर जातो केवळ चाकाच्या व्यासानें, आणि तोहि वाढीच्या निम्म्यानेंच. उंच झाली ती चौकट आणि बसणारीं माणसें. गुरुत्वमध्य वर गेल्यानें तिरप्या वाटेवर कलंडण्याची भीति वाढली. चक्राचा दांडा तिरपा झाल्यानें गाडी ओढूं लागली. मागचा फिरता शाफ्ट अधिक कोनांत गेल्यानें ती थरथरूं लागली. आणि ब्रेकची नळी अपुरी पडली. एका बदलानें चार बदल मागितले, ते कोणी केलेच नव्हते.

आमची नवी रीत

आम्हीं पाटे पुन्हां अक्षाच्या खालीं आणले आणि कामाचा क्रमच उलटा लावला. पहिला नियम असा केला कीं, जुन्या गाडींत नवें कांहीं घालण्यापूर्वीं जुनें तें मूळच्या योग्यतेस आणावें. वीस-बावीस वर्षांत पाट्यांचें पोलाद दमून खालीं बसलें होतें. मूळ मापाचे नवे पाटे, नवे बुश आणि नवे शॉक-अब्सॉर्बर घालतांच गाडी दीड इंच वर आली. ही उंची आम्हीं नवी मिळविली नव्हती; हरवलेली परत आणली होती. ब्रेकच्या सर्व रबरी नळ्या, चाकांचे बेअरिंग आणि चक्राचे सांधे बदलले. हें काम दिसत नाहीं, गल्लींत त्याला टाळ्या पडत नाहींत. पण घाटांत जीव त्याच्यावरच असतो.

चाकें आम्हीं २१५/७५ आर १५ या मापाचीं निवडलीं. मूळच्या २०५/७० मापाहून तीं व्यासानें सुमारें साडेतीन सेंटिमीटरांनीं मोठीं. म्हणजे अक्षाचा गोळा पावणेदोन सेंटिमीटर वर गेला. लाभ थोडा, पण हानि त्याहून थोडी; वेगदर्शकाचा फरक पांच टक्क्यांचा. शिवाय हेंच माप बोलेरो गाडीला चालतें, त्यामुळें तालुक्याच्या गांवीं रात्रीं-अपरात्रीं टायर फाटला तरी दुसरा मिळतो. रोजच्या वापराच्या गाडीला हा गुण मोठा आहे.

गोळा आणखी वर नेतां येत नाहीं, तर त्याचें आणि पोटाचें रक्षण करावें. लहान गिअरपेटीच्या खालीं आम्हीं चार मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा लावला. येथेंहि हांव नको. असा पत्रा चौरस मीटरास ३१ किलो भरतो, आणि सगळें पोट मढवावयाचें म्हटलें तर गाडीचा हलकेपणा संपला. जेथें दगड लागतो तेवढ्याच ठिकाणीं तो बसविला.

तोंडापुढील कठडा काढून टाकला. अशा विनापरवाना कठड्यांविरुद्ध कारवाई करण्याविषयीं केंद्र सरकारनें डिसेंबर २०१७ मध्यें राज्यांना कळविलें होतें, आणि त्याचें कारणहि योग्य आहे: तो पादचाऱ्याला घातक, आणि टक्कर झाली तर तिचा धक्का सरळ चौकटीवाटे आंतल्या माणसांपर्यंत पोंचवितो. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वयें निर्मात्याच्या मूळ नमुन्याशीं विसंगत बदल करतां येत नाहीं. जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंहि तेंच स्पष्ट केलें. म्हणून या वेळीं प्रत्येक काम नोंदणी कार्यालयांत विचारून आणि विमा कंपनीस लेखी कळवून मगच केलें.

हांकण्याचें शास्त्र

इतकें झाल्यावर जें उरलें तें पैशानें मिळत नाहीं. दगडवाट लागण्यापूर्वीं टायरांतील हवा २६ पौंडांवरून १८ वर आणावी. टायर मऊ होऊन दगडाला पंज्यासारखा धरतो. डांबरी रस्त्यावर येतांच ती पुन्हां भरावी. त्यासाठीं लहान पंप गाडींतच असावा. चारही चाकांचा जोर कोरड्या डांबरावर लावूं नये, कारण वळणावर पुढचीं व मागचीं चाकें सारखें अंतर तोडीत नाहींत आणि तो ताण दांत्यांवर येतो. मोठा धोंडा दोन चाकांच्या मधून जाऊं देण्यापेक्षां चाक त्याच्यावर चढवावें. मग गोळा आपोआप उंच राहतो. अवघड जागीं एकानें उतरून पुढें उभें राहावें आणि हातानें दिशा दाखवावी. वाट सोडून माळावर किंवा सड्यावर गाडी घालूं नये. खडकावरील बोटभर मातींतच आपल्या सह्याद्रीचीं पावसाळी फुलें उगवतात, आणि एकदां उमटलेली चाकोरी पुढील पावसांत ओहोळ होते.

या सर्वांत पुतण्याची स्वतःची अशी एक युक्ति होती, ती शेवटीं सांगतों. दगडावर गाडी घसरली कीं दाराखालची कड चेपते. तिच्या रक्षणासाठीं चौकटीला दोहों बाजूंनीं जाड पोलादी नळ बसवितात. त्यानें तो नळ चार बोटें बाहेर काढला, त्यावर खडबडीत पट्टी लावली, आणि दाराच्या आंत धरावयास एक मूठ बसविली. दगडाला तो कुंपण आणि माणसाला पायरी!

दसऱ्याच्या आदल्या रविवारीं गाडी दारांत उभी राहिली. पुतण्या म्हणाला, "आजी, एकदां पाय ठेवून तर पाहा." मातोश्रींनीं काठी त्याच्या हातीं दिली, मूठ धरली, नळावर पाऊल ठेवलें, आणि कोणाचाहि हात न घेतां आंत जाऊन बसल्या. त्या दिवशीं शेवटच्या तीन किलोमीटरांना आम्हांला पाऊण तास लागला. पोट एकदांहि आपटलें नाहीं. वाटेंत त्यांनीं एकदांच तोंड उघडलें, तें "अरे, हळू चालते हें किती बरें" असें म्हणण्यासाठीं.

आंब्याखालीं सतरंजी घातली, डबे उघडले. पुतण्या गाडीखालीं वांकून ब्रेकची नळी तपासीत होता. ती आतां तो दर खेपेस तपासतो. कोणी सांगावें लागत नाहीं.