भरती-ओहोटीचा अंमल

पुण्याहून कोकणात उतरणाऱ्या माणसाच्या खिशात बहुधा एक यादी असते. पहाटे चांदणी चौक ओलांडायचा, ताम्हिणी उतरून माणगावात न्याहारी, दुपारी हरिहरेश्वर, सायंकाळी श्रीवर्धन, दुसऱ्या दिवशी वेळास आणि तिसऱ्या दिवशी कचेरीत हजर. अशा यादीत तासांचा हिशेब चोख असतो. परंतु ज्या मुलखात जावयाचे तो मुलूख घड्याळाच्या काट्यांना फारसा जुमानत नाही, याची दखल तीत क्वचितच घेतलेली आढळते. सावित्री नदी महाबळेश्वरी उगम पावून जेथे समुद्राला मिळते, आणि जेथे रायगड जिल्ह्याची हद्द संपून रत्नागिरीची सुरू होते, त्या टापूत अंमल दोघांचाच चालतो: एक भरती-ओहोटीचा, आणि दुसरा आपण जिच्या घरी उतरलो त्या गृहिणीच्या चुलीचा. या दोहोंची मर्जी सांभाळली, म्हणजे बाकीचा बंदोबस्त आपोआप होतो.

वस्तुतः हा मुलूख पुणेकरांना परका वाटण्याचे कारण नाही. श्रीवर्धनच्या देशमुखीचे वतन सांभाळणाऱ्या भट घराण्यातील बाळाजी विश्वनाथ जंजिऱ्याच्या सिद्दीच्या जाचाने गाव सोडून निघाले, तेव्हा खाडीपलीकडच्या वेळासचे भानू त्यांच्या सोबतीला आले. पुढे 1713 साली बाळाजी विश्वनाथांना पेशवेपदाची वस्त्रे मिळाली आणि भानूंकडे फडणिशी आली. नाना फडणवीस हे याच भानूंच्या कुळातले. पुण्याच्या ज्या कारभाराचा आपण अभिमान बाळगतो, त्याचे धनी आणि त्याचे हिशेबनीस असे दोघेही या एका खाडीच्या आसपासचे निघावेत, ही गोष्ट सहलीच्या गडबडीत सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही.

हरिहरेश्वरी प्रथम काळभैरवाचे, मग हरिहरेश्वराचे आणि पुन्हा काळभैरवाचे दर्शन घ्यावयाचे, असा शिरस्ता आहे. दर्शनानंतर टेकडीला वळसा घालून समुद्राच्या अंगाने जाणारा प्रदक्षिणामार्ग हे येथील खरे आकर्षण होय. अरुंद खिंडीतून पायऱ्या उतरत गेल्यावर, लाटांनी आणि खाऱ्या वाऱ्याने जाळी पाडलेल्या खडकांवर माणूस एकदम येऊन उभा राहतो. मात्र ही वाट ओहोटीची आहे. भरतीच्या वेळी तेथे अडकलेली माणसे लाटांनी ओढून नेल्याच्या दुर्घटना घडलेल्या आहेत, आणि पावसाळ्यात तर ओहोटी असली तरी तेथे उतरू नये. ओहोटीची वेळ काढण्यास यंत्र लागत नाही. भिंतीवरचे कालनिर्णय पुरते. तिथीच्या अंकाला तिनाने गुणून चाराने भागावे, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ निघते, आणि तिच्यात सहा तास मिळविले की ओहोटीची. चतुर्थीस भरती तीनला, ओहोटी नऊला. अष्टमीस भरती सहाला, ओहोटी बाराला. दररोज ही वेळ पाऊण तासाने पुढे सरकते. हा कोळ्यांचा आणि खलाशांचा जुना ठोकताळा आहे, कोष्टक नव्हे. म्हणून अर्धापाऊण तास इकडेतिकडे धरावा. अष्टमीला सकाळी सातला प्रदक्षिणेस निघणाऱ्याने आपली यादी पुण्यासच ठेवून आलेले बरे.

हरिहरेश्वराच्या लगत बागमांडला आहे. तेथून मोटारीसह माणसांना पलीकडे वेसवीस नेणारी फेरीबोट सुटते. मोटार बोटीत चढविताना नवख्याचा जीव वरखाली होतो, पण खलासी हाताच्या दोन इशाऱ्यांत ती अशी तिरकी बसवितात की पुढच्या मोटारीत आणि आपल्या मोटारीत जेमतेम एक माणूस मावावा. वेसवीहून बाणकोट जवळ आहे. 1756 मध्ये हा किल्ला इंग्रजांच्या हाती गेला आणि त्यांनी त्याचे नाव ‘फोर्ट व्हिक्टोरिया’ ठेवले. माथ्यावरून खाडीचे मुख, वाळूचे दांडे आणि पलीकडचा हरिहरेश्वराचा डोंगर एका नजरेत येतात.

वेळासला राहावयाचे ते गावकऱ्यांच्या घरीच. ऑलिव्ह रिडले जातीची सागरी कासवे हिवाळ्यात रात्री येथल्या किनाऱ्यावर येऊन, वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालतात. पूर्वी ही अंडी कोल्ही-कुत्री आणि माणसे यांच्या तावडीतून क्वचितच सुटत. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने 2002 पासून ग्रामस्थांना हाताशी धरून संरक्षणाचे काम आरंभिले. वाळूवरील खुणा पाहून घरटे शोधावयाचे, अंडी उचलून कुंपणाच्या आत तशाच खोल खड्ड्यात ठेवावयाची, आणि पन्नासएक दिवसांनी पिल्ले वर आली की सकाळ-सायंकाळ त्यांना समुद्रात सोडावयाचे. जेमतेम दोन इंचांचे ते काळसर पिल्लू वाळूतल्या माणसाच्या पावलाच्या ठशात अडकते, धडपडून वर येते आणि पुन्हा पाण्याची दिशा धरते. त्याला उचलून पाण्यात सोडण्याचा मोह प्रेक्षकांना आवरत नाही, परंतु दोरीपलीकडे जाण्याची मुभा कोणासच नाही, आणि ते योग्यच आहे. जानेवारी 2022 मध्ये येथूनच ‘प्रथमा’ नावाच्या मादीच्या पाठीवर उपग्रहाशी संपर्क ठेवणारे यंत्र बसवून तिला सोडण्यात आले. एखाद्या दिवशी मात्र घरट्यावर झाकलेली टोपली उचलली तरी खाली पिल्लांऐवजी कोरी वाळूच असते. भाडे भरून आलेल्या पाहुण्यांचा तेव्हाचा रुसवा पाहण्याजोगा असतो.

आता जेवणाचे. या टापूत जेवावयाची जागा शोधत हिंडणे व्यर्थ आहे. जेवण येथे सांगून ठेवावे लागते. सकाळी चहाच्या वेळी ‘दुपारी किती पाने?’ असा प्रश्न येतो, आणि त्याचे उत्तर मोघम दिले तर दुपारी हाल निश्चित. यात आडमुठेपणा नाही. उकडीच्या मोदकांना तांदळाची पिठी हवी, नारळ फोडून खवायला हवा, आधणात पिठी घालून वाफ आणलेली उकड गरम असतानाच, हाताला तेल-पाणी लावून मळायला हवी. ती निवली की पारीला चिरा पडतात, आणि मग कितीही कळ्या काढल्या तरी मोदक फुटतो. कासवांच्या हंगामात गेल्यास पानात कुयरीची, म्हणजे कोवळ्या फणसाची भाजी, ओल्या काजूंची उसळ, वालाचे बिरडे आणि आगळाची सोलकढी यांची गाठ पडते. सकाळच्या न्याहारीस घावन आणि गूळ घातलेला नारळाचा रस. वेळासला बहुतेक घरी स्वयंपाक शाकाहारी असतो. मासळीची हौस असणाऱ्याने ती श्रीवर्धनला, जीवना बंदराच्या बाजूस भागवावी. आणि पदार्थाचे नाव यादीतून न निवडता ‘आज काय आले आहे?’ असे विचारावे. सुरमईचा हट्ट धरणाऱ्याला आदल्या दिवशीची सुरमई मिळते, तर विचारणाऱ्याला त्या दिवशीचा बांगडा मिळतो. माझा कौल बांगड्याला.

श्रीवर्धनची रोठा सुपारीही नावाजलेली. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर धडकले, तेव्हा येथल्या माड-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. पोफळ लावल्यापासून धरावयास पाचसात वर्षे लागतात. तेव्हा ज्या पडवीत आपण जेवतो, त्या घराला आपल्या पानाचे पैसे किती मोलाचे आहेत हे वेगळे सांगावयास नको. तेथे घासाघीस करणे शोभत नाही.

सवड असल्यास दक्षिणेस केळशीपर्यंत जावे. तेथे महालक्ष्मीचे देऊळ आणि याकुतबाबांचा दर्गा आहे. शिवाय वाळूची जी टेकडी आहे, तिचा अभ्यास पुण्याच्याच डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी केला आणि शतकांपूर्वीच्या एका प्रचंड सागरी लाटेशी तिचा संबंध जोडला. त्याहूनही खाली हर्णैला सायंकाळी मासळीचा लिलाव चालतो. होड्यांतून उतरलेला माल बैलगाड्यांतून वाळूवर येतो, आणि बोली इतक्या वेगाने चढते की परक्याने मध्ये तोंड न घालणेच इष्ट.

1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. त्या दिवसांत कोणी ताज्या मासळीचे आमिष दाखविले, तर ती कोठून आणि किती दिवसांची, हे स्वच्छ विचारावे. त्यापेक्षा सुकट, सुके बोंबील, कुळथाचे पिठले आणि तांदळाची भाकरी सांगावी. आणि फेरीबोट चालू आहे की नाही याची चौकशी ताम्हिणी उतरण्यापूर्वीच करावी, कारण ती बंद असेल तर वेळासला महाड-मंडणगडावरून लांबचा फेरा पडतो.