छतावर ऊन, शेगडीत आखात

‘पंतप्रधान सूर्यघर’ योजनेतून छतावर ३ किलोवॉटची पॅनेल बसली, ७८ हजारांचे अनुदान मिळाले, वीजबिल जवळपास शून्यावर आले. मग आता घर ऊर्जेच्या बाबतीत स्वावलंबी झाले का? याचे उत्तर मीटरपाशी नाही, स्वयंपाकघरात आहे. आपली बहुतेक वीज अजून कोळशावर तयार होते आणि तो कोळसा मुख्यतः आपल्याच खाणींतला असतो. त्यामुळे छतावरच्या पॅनेलांनी बिल वाचते, धूर कमी होतो, पण आयात फारशी घटत नाही. देश खरा अडकला आहे तो तेलात आणि वायूत. कच्च्या तेलाची ८५ टक्क्यांहून अधिक गरज आपण बाहेरून भागवतो, एलपीजीची सुमारे ६० टक्के. आणि हा एलपीजी वर्षानुवर्षे बहुतांश आखातातूनच येत आला आहे. होर्मुझच्या सामुद्रधुनीत तणाव वाढला की त्याची झळ थेट आपल्या शेगडीला लागते ती यामुळे.

म्हणून हिशेब सिलिंडरचा करायला हवा. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये साधारण १८० युनिटांइतकी उष्णता असते, पण ज्योतीतली बरीचशी भांड्याच्या कडेने निसटून जाते. इंडक्शन शेगडीत चुंबकीय क्षेत्रामुळे भांड्याचे बूडच तापते, त्यामुळे तेवढाच स्वयंपाक सव्वाशे युनिटांच्या आसपास होतो. सिलिंडर दीड महिना पुरत असेल, तर रोज जेमतेम तीन युनिटे! महाराष्ट्रातल्या उन्हात ३ किलोवॉटची पॅनेल दिवसाला सरासरी १२ युनिटे देतात. छताचा पाव हिस्सा अख्खे स्वयंपाकघर चालवू शकतो.

यावर पहिला आक्षेप असा की, पॅनेलांतले सौर घटही मोठ्या प्रमाणावर चीनमधूनच येतात. खरे आहे, आणि ते इथे बनायलाच हवेत. पण एकदा आणलेले पॅनेल पंचवीस वर्षे वीज देते. सिलिंडर दीड महिन्यात संपतो आणि पुन्हा जहाजाची वाट पाहावी लागते. पुरवठा तुटला तर पॅनेलवाल्याची चूल त्या दिवशी विझत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: रात्रीचा स्वयंपाक कोळशाच्या विजेवर होणार, आणि त्यातून निघणारा कार्बन गॅसपेक्षा जास्तच. दुपारची वीज संध्याकाळपर्यंत साठवल्याशिवाय याला उत्तर नाही. सह्याद्रीचा उभा कडा त्यासाठी फार मोलाचा आहे. घाटघरच्या २५० मेगावॉटच्या प्रकल्पात जादा विजेवर पाणी वर चढवतात आणि गरजेच्या वेळी खाली सोडून वीज मिळवतात. असे प्रकल्प भर दुपारच्या उन्हावर चालायला हवेत.

तिसरा आक्षेप भाकरीचा. पापुद्रा सुटून भाकरी टम्म फुगायला ज्योत हवी, आणि ती इंडक्शनवर नाही. तिथे पुण्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. आनंद कर्वे आठवतात, ज्यांची आठवण ऊर्जेच्या चर्चेत फारच क्वचित निघते. बायोगॅस म्हणजे शेण, हे समीकरण त्यांनी मोडले. शेण हे गाईने आधीच पचवून उरलेले. जीवाणूंना थेट पिष्ट आणि साखर दिली तर? खरकटे, किडके धान्य, आंब्याच्या कोयी यांवर चालणारे त्यांच्या ‘आरती’ संस्थेचे छोटे संयंत्र शेणाच्या संयंत्रापेक्षा कितीतरी कमी मालात आणि कमी वेळात गॅस देते. २००६ साली त्याला ॲशडेन पुरस्कार मिळाला. या विद्येचा धागा महाराष्ट्रात जुना आहे: माटुंग्याच्या कुष्ठरुग्णालयात १८९७ सालीच मैल्यापासून मिळवलेल्या गॅसवर दिवे लागत होते. आज सोसायट्यांमध्ये ओला कचरा वेगळा केला जातो आणि तरीही बराचसा टेम्पोतून शहराबाहेर जातो, हे पाहून हळहळ वाटते.

सूर्यघर योजनेचे यश किलोवॉटांत मोजले जाते. त्याबरोबर किती सिलिंडर कमी लागले, हेही मोजावे. जुन्या घरांत दोन हजार वॉटची शेगडी ओढेल अशी वायरिंगच नसते. अनुदानातला थोडा वाटा त्या तारांसाठी, शेगडीसाठी आणि कर्व्यांच्या टाकीसाठी राखून ठेवावा.