नौकाबांधणीची परिभाषा : 'क्वीन मेरी २' च्या निमित्ताने

वस्तू बदलते आणि तिचे नाव मात्र टिकून राहते, ही गोष्ट अर्थविचाराच्या अभ्यासकास नवी नाही. इमारतीचा पाया आता यंत्राने खणला जातो. तरी शुभारंभाच्या दिवशी कुदळच मारली जाते. 'कोनशिला' म्हणून बसविलेला दगड कोणत्याही कोनाचा भार वाहत नाही. असे शब्द सामान्यतः रूढीच्या खात्यावर टाकले जातात आणि त्यांचा विचार तेथेच संपतो. परंतु काही व्यवसायांत अशा जुन्या शब्दावरच नवा कायदा उभा असतो, आणि मग शब्दाचा अर्थ सैल झाला की नियमही सैल होतो. नौकाबांधणी हा असा एक व्यवसाय होय.

या दृष्टीने 'क्वीन मेरी २' या प्रवासी जहाजाच्या बांधणीचा क्रम पाहण्यासारखा आहे. क्यूनार्ड कंपनीसाठी हे जहाज फ्रान्समध्ये, ल्वार नदीच्या मुखाशी असलेल्या सँ-नाझेर येथील 'शांतिए द लातलांतिक' या कारखान्यात बांधले गेले. त्याची लांबी ३४५ मीटर असून ते पूर्ण झाले त्या वेळी जगातील सर्वांत मोठे प्रवासी जहाज होते. त्याचे रचनाकार स्टीफन पेन यांनी ते केवळ सहलीसाठी नव्हे, तर उत्तर अटलांटिक महासागर नियमितपणे ओलांडण्यासाठी योजिले. हा भेद नावापुरता नाही. शांत समुद्रात पर्यटकांना फिरविणाऱ्या त्याच आकाराच्या जहाजाच्या तुलनेने येथे सुमारे ४० टक्के अधिक पोलाद लागले. जीवरक्षक होड्या पाण्यापासून फार उंच नसाव्यात असा सर्वसाधारण नियम असता, अटलांटिकच्या लाटांचा तडाखा ध्यानात घेऊन येथे त्या सुमारे २५ मीटर उंचीवर बसविण्याची मुभा मिळविण्यात आली.

१६ जानेवारी २००२ रोजी पहिली पोलादी पत्रा-कापणी झाली. बांधणीचा खरा आरंभ कोणता, असे विचारल्यास उत्तर हेच द्यावे लागेल. आणि याच दिवसाला जुन्या परिभाषेत नाव नाही, कारण लाकडाच्या काळात पत्रा नव्हता. पुढे सुमारे ३,००,००० पोलादी तुकडे जोडून ९४ प्रचंड ठोकळे तयार करण्यात आले. हे ठोकळे गोदीच्या बाहेर बांधून काढावयाचे, आणि मग अजस्र यारीने उचलून एकमेकांवर व एकमेकांशेजारी मांडून सांधावयाचे, अशी ही पद्धती आहे. पाण्याचे नळ, विजेच्या तारा, हवा खेळविण्याच्या वाहिन्या यांचा बराच भाग ठोकळा जमिनीवर असतानाच त्यात बसविला जातो. जहाजाच्या पोटात शिरून ओणव्याने काम करण्यापेक्षा ते सोयीचे पडते. प्रवाशांच्या खोल्याही वेगळ्या तयार होतात आणि कपाटात खण सरकवावा तशा आत सरकविल्या जातात.

आता प्रश्न असा की, या रचनेत जहाजाचा कणा कोठे आहे? लाकडी जहाजाच्या तळाशी नाळेपासून पिछाडीपर्यंत जाणारे जे मुख्य लाकूड असे, त्यास कोकण किनाऱ्यावर 'पठाण' म्हणतात. ते आधी बसवावयाचे, मग त्यावर फासळ्या उभारावयाच्या आणि त्यांना फळ्या जडावयाच्या, हा क्रम अटळ होता. म्हणून ते लाकूड बसविण्याचा दिवस हाच जहाजाचा जन्मदिवस ठरे, आणि त्या दिवशी विधी होई. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या कारागिरांनी १८१६ साली 'ट्रिंकोमाली' ही सागवानी युद्धनौका बांधावयास घेतली, तेव्हा पारशी परंपरेप्रमाणे तिच्या पठाणात कोरीव रुप्याचा खिळा ठोकण्यात आला. ती नौका १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरली, आणि ती आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे जतन केलेली आहे. तेथे विधी आणि वस्तू यांची जागा एकच होती : ज्या लाकडावर जहाज उभे राहणार, त्यातच खिळा होता.

'क्वीन मेरी २' ची 'कणा-स्थापना' ४ जुलै २००२ रोजी झाली, असे इतिहास सांगतो. पण त्या दिवशी गोदीत उतरला तो ठोकळ्यांपैकी एक ठोकळा. अखंड असा कणा बसविला गेला नाही, कारण तसा कणा वेगळा तयारच केला जात नाही. तारखेचे औचित्य मात्र निराळे होते. याच तारखेस १८४० साली क्यूनार्डचे पहिले अटलांटिकगामी जहाज 'ब्रिटानिया' लिव्हरपूलहून निघाले होते. पत्रे कापण्यास आरंभ होऊन तेव्हा साडेपाच महिने लोटले होते. तात्पर्य, शब्द पूर्वी एका क्रियेचा वाचक होता, तो आता एका मुहूर्ताचा वाचक झाला आहे.

हा अर्थसंक्रम येथेच थांबला असता तर त्याची गणना कोनशिलेच्या पंक्तीतच करावी लागली असती. परंतु सागरी सुरक्षेचे आंतरराष्ट्रीय नियम एखाद्या जहाजास लागू होतात की नाही, हे त्याचा कणा कोणत्या दिवशी बसविला यावर ठरते. नियमकर्त्यांना कणा नाहीसा झाल्याची जाणीव होती. त्यांनी 'कणा बसविलेले, किंवा बांधणीच्या तत्सम अवस्थेत असलेले जहाज' अशी शब्दयोजना केली आणि 'तत्सम अवस्था' म्हणजे काय तेही सांगितले : विशिष्ट जहाजाचे म्हणून ओळखता येईल असे बांधकाम सुरू झालेले असावे, आणि किमान ५० टन किंवा एकूण बांधकाम-साहित्याच्या अंदाजित वजनाच्या १ टक्का, यांपैकी जे कमी असेल तेवढ्याची जुळणी झालेली असावी. यातील 'जे कमी असेल ते' हे शब्द महत्त्वाचे आहेत. एकूण साहित्य ५,००० टनांहून कमी असेल तरच १ टक्क्याचे माप लागू पडते. त्याहून मोठ्या सर्व जहाजांना ५० टन पुरतात. महासागरी जहाजाच्या मानाने ५० टन म्हणजे एक लहानसा ठोकळा. तेवढ्या लोखंडावर संपूर्ण जहाजाची कायदेशीर जन्मतिथी निश्चित होते.

याचा परिणाम २०१५ साली उघड दिसला. उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्यालगतच्या समुद्रात जहाजांच्या धुरातील नायट्रोजन ऑक्साइडांवर जी कडक मर्यादा घालण्यात आली, ती १ जानेवारी २०१६ रोजी किंवा त्यानंतर कणा बसविलेल्या जहाजांसाठी होती. तेव्हा मुदतीपूर्वी कणे बसवून घेण्याची मालकांत घाई उडाली. काही जहाजे प्रत्यक्षात पुष्कळ वर्षांनी पुरी झाली, तरी ती जुन्या नियमाखालीच राहिली. नियमाचा हेतू नव्या जहाजांना शिस्त लावण्याचा होता. 'नवे' या शब्दाची व्याख्या मात्र एका लुप्त लाकडाकडे सोपविलेली होती. व्याख्याकारांनी जुना शब्द सोडून पत्रा-कापणीची तारीख धरली असती, तरीही पळवाट उरलीच असती, असे कोणी म्हणेल. ते खरे आहे. तथापि जो शब्द कशाचाच वाचक राहिलेला नाही, त्याला हवे तसे वाकविणे अधिक सुलभ असते, हेही नाकारता येत नाही.

'जलावतरण' या शब्दाची कथा याहून सरळ आहे. सँ-नाझेर येथेच २९ ऑक्टोबर १९३२ रोजी 'नॉर्मंडी' हे जहाज उतरत्या घसरणीवरून पाण्यात सोडले, तेव्हा उसळलेल्या लाटेने काठावरील अनेकांना नदीत ओढून नेले. तेथे अवतरण शब्दशः घडले होते. २१ मार्च २००३ रोजी 'क्वीन मेरी २' ची गोदी पाण्याने भरण्यात आली आणि जहाज तरंगू लागले. जहाज खाली आले नाही. पाणी वर आले.

त्यानंतर अंतर्गत सजावट आणि सागरी चाचण्या झाल्या. १५ नोव्हेंबर २००३ रोजी, जहाज पूर्ण होत आले असता, ते कोरड्या गोदीत उभे होते. काठावरून जहाजावर जाण्यासाठी लावलेला पादसेतू त्या दिवशी कोसळला. कामगारांनी आपल्या घरच्या मंडळींना आपले काम दाखविण्यासाठी आणले होते. या अपघातात १६ जण मृत्युमुखी पडले. कणा-स्थापना, जलावतरण, नामकरण, हस्तांतरण या साऱ्या संज्ञा मालकाच्या आणि कारखान्याच्या व्यवहारातून आलेल्या आहेत. या दिवसासाठी परिभाषेत शब्द नाही. सुमारे ३,००० कारागिरांनी त्या जहाजावर जवळजवळ ८० लक्ष तास काम केले, आणि त्या कामाचेही कोणतेच टप्पे या संज्ञांत उमटत नाहीत.

राहिला नामकरणाचा विधी. २० सप्टेंबर १९६७ रोजी स्कॉटलंडमधील क्लाइडबँक येथे राणी एलिझाबेथ दुसऱ्या यांनी 'क्वीन एलिझाबेथ २' चे नाव उच्चारले आणि जहाज घसरणीवरून नदीकडे निघाले. नाव व गती एकाच क्षणी मिळाली. त्याच राणींनी ८ जानेवारी २००४ रोजी साउदॅम्प्टन बंदरात 'क्वीन मेरी २' चे नामकरण केले. त्या वेळी जहाज धक्क्याला स्थिर उभे होते. ते नऊ महिन्यांपूर्वीच तरंगले होते, चाचण्यांत समुद्रही पाहून आले होते, आणि मालकाच्या ताब्यातही गेले होते. चार दिवसांनी, १२ जानेवारीस, ते प्रवासी घेऊन पहिल्या सफरीवर निघाले.