भूकंप आणि शेताचा धुरा

वर्धा जिल्ह्यांतील शेतकरी दोन शेतांमधील बांधाला धुरा म्हणतो. धुऱ्यावरचा दगड आपल्या जागीं अढळ आहे, ह्या विश्वासावरच सातबाराचा उतारा व मोजणीचा नकाशा उभा असतो. भूकंप नेमका हाच विश्वास डळमळीत करतो. दगडासकट जमीन चार हात सरकली, तर हद्द दगडाबरोबर गेली, कीं नकाशावरच्या जागीं राहिली?

नदीकांठच्या लोकांना हा प्रश्न अगदींच अपरिचित नाहीं. वर्धा नदी जिल्ह्याची पश्चिम सीमा होय. जुन्या न्यायशास्त्राप्रमाणें पाणी हळूहळू सरकून जमीन वाढली, तर हद्दही सरकते. परंतु प्रवाहानें एकाएकीं पात्र बदललें, तर हद्द पूर्ववत् राहते. हा नियम भूकंपास लावला, तर अनर्थ होतो. घर एकाचें आणि त्याखालची जमीन शेजाऱ्याची, असा प्रसंग ओढवतो. म्हणूनच न्यूझीलंडांत क्राइस्टचर्चच्या २०१० व २०११ च्या भूकंपांनंतर २०१६ सालीं कायदा करून, जमीन सरकली तशी हद्दही सरकली, असें मानण्यांत आलें. कॅलिफोर्नियानें तत्पूर्वींच, १९७२ सालीं, अशा हद्दी न्यायबुद्धीनें ठरविण्याचा अधिकार न्यायालयास दिला होता.

महाराष्ट्रांत ३० सप्टेंबर १९९३ रोजीं किल्लारी परिसरांत भूकंप झाला. तेथें जमीन फार सरकली नाहीं. मालकीचा प्रश्न निराळ्याच वाटेनें आला. बावन्न गांवें नव्या जागीं वसवावीं लागलीं. त्यांसाठीं कोणाची तरी पिकाऊ जमीन संपादन झाली. घर नव्या गांवठाणांत व शेत जुन्या शिवारांत, असें अंतर पडलें. ज्या घरांतील कर्तीं माणसें गेलीं, तेथें वारसाची नोंद हाच मोठा आधार ठरला.

२००२ सालच्या भारतीय मानकाच्या नकाशांत वर्धा जिल्हा सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यांत दाखविला आहे. तथापि, १९९३ पूर्वीं किल्लारीही अशाच पट्ट्यांत गणली जात होती, हें विसरून चालणार नाहीं. हद्दीच्या खुणा सांभाळण्याची जबाबदारी कायद्यानें खातेदारावरच टाकली आहे. धुऱ्याचा दगड जागेवर ठेवावा, मोजणीच्या नकाशाची प्रत घरीं जपावी, मृत्यूनंतर वारसाचा फेरफार वेळेवर करून घ्यावा. धरणी हालली, तर कोणाचा उपाय नाहीं. परंतु नोंद नीट असेल, तर निदान भाऊबंदांत व शेजाऱ्यांत तंटा उरणार नाहीं.