शून्य शिल्लक खात्याचा हक्क

बारामती आणि इंदापूर ही शहरे २०११च्या जनगणनेत दहा हजार ते एक लाख लोकसंख्येच्या गटात होती. बँकांच्या लेखी ती ‘अर्धशहरी’. ऑगस्ट २०२५मध्ये आयसीआयसीआय बँकेने अशा ठिकाणच्या नव्या बचत खात्यांसाठी महिन्याची सरासरी शिल्लक २५ हजार रुपये ठरवली. टीकेची झोड उठल्यावर काही दिवसांतच ती साडेसात हजारांवर आणावी लागली.

इथल्या ऊसपट्ट्याला ही सरासरीची अट जाचकच. छत्रपती, माळेगाव किंवा सोमेश्वर साखर कारखान्याकडून उसाचे बिल खात्यावर जमा होते आणि सोसायटीचे कर्ज, खते, मुलांची फी यांत निघून जाते. पुढच्या बिलापर्यंत पासबुकात शंभर-दोनशे रुपये उरले, तर त्यासाठी दंड घेणे अन्यायाचे आहे.

सरकारी बँकांनी २०१९-२० ते २०२३-२४ या पाच वर्षांत अशा दंडापोटी सुमारे साडेआठ हजार कोटी रुपये वसूल केले. स्टेट बँकेने मात्र तो मार्च २०२०मध्येच थांबवला. २०२५मध्ये कॅनरा आणि पंजाब नॅशनल बँकेनेही.

खासगी बँकेतही एक वाट खुली आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०१२च्या आदेशामुळे प्रत्येक बँकेला मूलभूत बचत खाते द्यावेच लागते. किमान शिल्लक नाही, एटीएम कार्ड मोफत, महिन्यातून चार वेळा पैसे काढणे मोफत. जनधन खाती याच प्रकारातली. मात्र त्याच बँकेत दुसरे बचत खाते ठेवता येत नाही.

साध्या खात्यातही दंडापायी शिल्लक उणे करायला बँकेला मनाई आहे. तसे झाले असेल, तर शाखेत लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.