मायएसक्यूएल : ८.० वरून परत ५.७ वर

५.७ वरून ८.० वर जाताना जुन्याच फाइली चालतात. त्याच फाइली घेऊन मागे फिरता येत नाही. २०१८ साली आलेल्या ८.० ने टेबलांची रचना सांगणाऱ्या ‘एफआरएम’ फाइली बंद केल्या आणि ती माहिती अंतर्गत डेटा डिक्शनरीत नेली. ५.७ ला ती वाचता येत नाही.

मग ‘मायएसक्यूएलडम्प’ने डेटा मजकुराच्या रूपात काढायचा आणि कोऱ्या ५.७ वर भरायचा. (‘मायएसक्यूएल’ हा सिस्टीम डेटाबेस त्यात घेऊ नका, युजर नव्याने तयार करा.) पहिली ठेच बहुधा एरर १२७३ ची : ‘युटीएफ८एमबी४_०९००_एआय_सीआय’ हे कोलेशन अनोळखी. ८.० चं हे डिफॉल्ट युनिकोड ९.० वर बेतलेलं आहे, ५.७ मध्ये ते नाहीच. डम्पमध्ये त्या जागी ‘युटीएफ८एमबी४_युनिकोड_५२०_सीआय’ घातलं की गाडी पुढे सरकते. कोणती अक्षरं सारखी धरायची याचे नियम मात्र थोडे बदलतात, तेव्हा युनिक इंडेक्सची टेबलं तपासा.

एरर निदान दिसतो तरी. खरी भीती मुकाट्याने होणाऱ्या बदलांची. ‘किंमत शून्याहून कमी नको’ अशी ‘चेक’ अट ८.०.१६ पासून काटेकोर पाळली जाते. ५.७ ती वाचतो आणि हूं की चूं न करता टाकून देतो; टेबलाच्या व्याख्येतही तिचा मागमूस उरत नाही. विंडो फंक्शन वापरणारे व्ह्यू मात्र भरतानाच अडतात.

५.७ चा अधिकृत सपोर्ट ऑक्टोबर २०२३ मध्ये संपला आहे.